फौंड्रीची डांगरी स्वतःच्या पैशानं घ्यायची का?

पत्र असं आलंय:

"दादा नमस्कार, आम्ही शिरोली एमआयडीसीजवळ राहतो. आमचे हे फौंड्रीत पोअरिंगला (वितळलेलं लोखंड साच्यात ओतायला) आहेत, ठेकेदाराकडून. मागच्या महिन्यात त्यांच्या बाजूला काम करणाऱ्याच्या बुटात मेटल गेलं, पाय लई भाजला. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कंपनीची खाकी डांगरी आहे पण उकडतं म्हणून हे बाह्या दुमडून, चेन छातीपर्यंत उघडी टाकून काम करतात, आत पेठेतल्या टीमची फुटबॉलची जर्सी. आता ठेकेदार म्हणतोय आगीची नवीन डांगरी देतो पण पैसे पगारातनं कापणार. दुकानात केशरी रंगाची तशीच डांगरी साडेआठशेला मिळाली, दुकानदार म्हणाला फायरप्रूफ आहे, मी आणून ठेवलीय. ती चालेल का? आणि मी डांगरी वडीनं घासून धुते, खळ घालते, नवीन पण तशीच धुवायची का?"

ताई, आधी केशरी डांगरीचं सांगतो, ती दाजींना घालायला देऊ नका. बिल असेल तर आजच परत करा, दुकानदार घेत नसेल तर पैसे गेले तर गेले पण ती घालून माणूस भट्टीवर जायला नको. तुम्ही ती ज्या काळजीनं आणली ती मला कळते, म्हणून स्पष्ट लिहितोय, कारण अशी डांगरी घातलेला माणूस आपण सुरक्षित आहोत असं समजून लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याच्या, अजून जवळ जातो आणि तिथंच घात होतो.

साडेआठशेच्या डांगरीत बहुतेक वेळा टेरीकॉट असतं, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताची भेसळ. पॉलिस्टर २५०-२६० अंशाला वितळतं. दाजींच्या लॅडलमधला लोखंडाचा रस १३०० अंशाच्या वरचा असतो. त्याचा शिंतोडा पडला की सूत पेट घेतं आणि पॉलिस्टर चिकट होऊन कातडीला धरून बसतं, मग ते काढताना कातडीसकट निघतं. काही दुकानांत सुती कापडाला नुसतं मीठासारखं रसायन मारून विकतात, बोरॅक्स वगैरे, नवीन असताना काडी लावून दाखवली तर खरंच पेटत नाही, गिऱ्हाईक खूश, पण दोन-चार धुण्यात ते सगळं पाण्याबरोबर गटारात जातं आणि अंगावर राहतं साधं कापड. त्यामुळं दुकानदारानं काडी लावून दाखवली म्हणून विश्वास ठेवू नका, काडीची ज्योत वेगळी आणि ओतीव लोखंड वेगळं.

आणि हे पण समजून घ्या की आग अजिबात लागणार नाही अशी डांगरी कुणीच बनवत नाही. चांगल्या डांगरीचं काम एवढंच, की ज्वाला लागली तर कापड पेटून वर चढत जाऊ नये, ज्वाला बाजूला झाली की आपोआप विझावं, वितळू नये, भोक पडू नये. टेस्टला कापडाला १० सेकंद ज्वाला लावतात आणि ती काढल्यावर कापड सरासरी २ सेकंदांच्या वर पेटतं राहिलं तर नापास करतात. म्हणजे डांगरी माणसाला मागं सरकायला, चेन ओढून कपडा काढायला चार क्षण देते. तेवढ्या क्षणांत पाच टक्के भाजणं आणि चाळीस टक्के भाजणं एवढा फरक पडू शकतो, म्हणून ती हवीच, पण ती घालून आगीत उभं राहता येतं असं नाही.

आता कोणती हवी. इथं कंपनीचे परचेसवाले पण गडबडतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. आगीची डांगरी ही एकच वस्तू नाही. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्पिरिटच्या वाफेचा भडका उडतो तिथं वेगळी लागते, वेल्डरची वेगळी (तिला आयएसओ ११६११ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होतं, क्लास १ आणि क्लास २), इलेक्ट्रिक पॅनेलवर काम करणाऱ्याची आर्कसाठी, म्हणजे विजेच्या भडक्यासाठी, वेगळी. दाजींना भीती आहे ती वितळलेलं लोखंड अंगावर उडण्याची. त्यांच्या डांगरीच्या आतल्या लेबलवर आयएसओ ११६१२ असा आकडा पाहिजे आणि त्याच्या खाली इंग्रजी अक्षरं-आकड्यांची ओळ पाहिजे. त्या ओळीत ए म्हणजे ज्वाला पसरत नाही, बी आणि सी म्हणजे गरम हवेची धग आणि भट्टीची लांबून लागणारी धग, डी म्हणजे ॲल्युमिनियमचे शिंतोडे, ई म्हणजे लोखंडाचे शिंतोडे. आपल्याला ते ई शोधायचंय. त्याच्यापुढं १, २ किंवा ३ असतं. टेस्टला कापडाच्या मागं कातडीच्या जागी पीव्हीसीची फिल्म लावतात आणि वरून वितळलेलं लोखंड ओततात, फिल्म खराब व्हायच्या आत कापडानं किती सोसलं ते मोजतात. ६० ग्रॅमपासून १२० च्या आत असेल तर ई१, १२० ते २०० च्या आत ई२, २०० आणि वर ई३. पोअरिंगच्या माणसाला ई३ मागा. लेबलवर ए आहे आणि ई नाहीच, असली डांगरी भडक्यासाठी कितीही चांगली असली तरी पोअरिंगला नको.

किंमत बघून पण फसायला होतं. नोमेक्ससारख्या अरामिड धाग्याची डांगरी हलकी आणि महाग असते, तेल-गॅसच्या कामाला उत्तम, त्याच्या धाग्यातच आग न धरण्याचा गुण असतो, धुण्यानं जात नाही. पण वितळलेलं लोखंड त्याच्यावर चिकटू शकतं. लोखंडाच्या फौंड्रीत जाड सुती कापड, ज्याच्यावर टिकाऊ रासायनिक प्रक्रिया केलेली असते, ते बरं पडतं कारण थेंब त्याच्यावरून घरंगळून खाली जातो. लोकरीची भेसळ असलेलं कापड पण चांगलं. वजनाला साधारण ३०० ते ३५० जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये) आणि पुढं असतं, हातात घेतल्यावर जाडी जाणवते. भारतीय मानक पण आहे, आयएस १५७४८, धगीत काम करणाऱ्या कामगारांच्या कपड्यासाठीचं. आयएसआय मार्क छापला असेल तर सोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा कळतं. हे तुम्ही घरात बसून करू शकता ताई, दोन मिनिटांचं काम आहे.

शिलाई पण बघा. खिशाला झाकण पाहिजे आणि ते खिशाच्या तोंडापेक्षा रुंद पाहिजे, उघडा खिसा असला की थेंब सरळ आत जाऊन बसतो आणि हात घालून काढता येत नाही. चेनवर पट्टी पाहिजे, कॉलर गळ्यापर्यंत बंद होणारी, पायाला खाली दुमड नको. दोऱ्याकडं तर कुणाचं लक्षच नसतं, साध्या पॉलिस्टर दोऱ्यानं शिवलं असेल तर कापड टिकतं पण शिवण वितळून उसवते. घरी उसवलं तर तुम्ही साध्या रिळाच्या दोऱ्यानं शिवू नका, ठिगळ तर अजिबात लावू नका, कंपनीत परत द्या.

बाजूच्या माणसाच्या बुटात मेटल गेलं म्हणता. हे बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं होतं. ओतताना मोल्डच्या (साच्याच्या) तोंडाजवळ थोडा रस सांडतो, जमिनीवर आपटून उडतो आणि नडगीवर बसतो, डांगरीचा पाय बुटात खोचलेला असतो म्हणून तो घसरत घसरत थेट बुटात उतरतो, आणि बुटाला लेस असते. आता विचार करा, पाय आत जळतोय आणि माणूस ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानं लेस सोडतोय. म्हणून फौंड्रीचा बूट बिनलेसचा, एका झटक्यात निघणारा पाहिजे, डांगरीचा पाय बुटाच्या बाहेरून खाली सोडलेला पाहिजे आणि वरून लेग गार्ड. नवीन डांगरी यायची तेव्हा येईल, पाय बुटाच्या बाहेर काढणं मात्र उद्याच्या शिफ्टपासून होतं, त्याला पैसा लागत नाही. दाजींना हे एवढं तरी पाठ करायला लावा.

जर्सी उद्यापासून बंद. मला माहिती आहे कोल्हापुरात तालमीच्या टीमची जर्सी म्हणजे जीव की प्राण, सीझनला तर पोरं झोपताना पण काढत नाहीत, पण ती जर्सी शंभर टक्के पॉलिस्टर असते. बाहेरची डांगरी ई३ असली तरी आतपर्यंत धग जाते, आणि त्या धगीला आतली जर्सी वितळून छातीला चिकटू शकते. आत सुती बनियन, सुती अंडरवेअर, सुती मोजे, नायलॉनचे मोजे पण नकोत. जर्सी मॅचला शाहू स्टेडियमवर घालू दे की, कोण नाही म्हणतंय.

उकाड्याचं काय करायचं, कारण दाजी आळशी म्हणून बाह्या दुमडत नाहीत, त्यांना खरंच जीव घाबरा होतो. एप्रिल-मे मध्ये शेडच्या पत्र्याखाली भट्टीशेजारी जाड डांगरीत उभं राहायचं म्हणजे काय असतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही, त्यामुळं नुसतं घाल रे घाल म्हणून काही होणार नाही. सुपरवायझरकडं हे मागायला सांगा, की एकसंध डांगरीऐवजी जॅकेट आणि पँट अशी दोन भागांची द्या (जॅकेट कमरेखाली चांगलं उतरलेलं पाहिजे, वाकल्यावर पाठ उघडी पडायला नको), ओतणारी माणसं आळीपाळीनं बदला, आणि भट्टीपासून लांब पंख्याखाली बसायची जागा द्या जिथं चेन उघडून दहा मिनिटं बसता येईल. चेन उघडायची ती तिथं, लॅडलजवळ नाही. तहान लागायची वाट न बघता दर थोड्या वेळानं पाणी, डब्यासोबत ताक मीठ घालून द्या. सुट्टीवरून परत आल्यावर पहिले काही दिवस अंगाला धगीची सवय गेलेली असते, तेव्हा चक्कर जास्त येते, त्या दिवसांत लक्ष ठेवा. आणि चांदीसारखा चकचकीत ॲल्युमिनाइज्ड कोट-ॲप्रन भट्टीच्या अगदी तोंडाशी काम करणाऱ्यासाठी असतो, धग परत फेकतो पण आत घाम कोंडतो, तो दिवसभर सगळ्यांनी घालायची गरज नाही.

आता पैशाचं, आणि इथं मला राग येतो. पगारातनं कापणार हे चालणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ११४ हेच होतं, की सुरक्षेसाठी मालकानं जी सोय द्यायची तिचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. त्या कायद्याच्या जागी आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची संहिता आलीय, नोव्हेंबर २०२५ पासून लागू, त्यात पण मालकाच्या कर्तव्यात हेच लिहिलंय. दाजी ठेकेदाराचे आहेत म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत, ज्या शेडमध्ये काम चालतं त्या कारखान्याची जबाबदारी आहेच. भांडायला जाऊ नका म्हणावं, एकट्यानं तर नकोच. आधी पोअरिंगची पाच-सहा माणसं मिळून सेफ्टी ऑफिसर किंवा एचआरला साध्या मराठीत अर्ज द्या, की आम्हाला वितळलेल्या लोखंडासाठीची डांगरी, लेग गार्ड आणि बिनलेसचे बूट द्यावेत, पगारातून कपात करू नये, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. सेफ्टी कमिटी असेल तर तिथं मांडा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानं काम होतं, कारण आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकितमधल्या फौंड्र्या मोठ्या गाडी-ट्रॅक्टर कंपन्यांना कास्टिंग देतात आणि ते गिऱ्हाईक ऑडिटला आलं की कामगारांच्या अंगावरचे कपडे पण बघतं. तरीही कपात झालीच तर पगाराची स्लिप जपून ठेवा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर ऑफिसला तक्रार करा, तक्रार कुणी केली ते त्यांनी कंपनीला सांगायचं नसतं. ठेकेदारानं ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरलाय का ते पण याच निमित्तानं बघून घ्या, कार्ड नसेल तर भाजल्यावर धावपळ तुमची होते.

धुण्याचं सांगतो, कारण हा भाग तुमच्या हातात आहे आणि इथं नकळत चांगली डांगरी वाया जाते. खळ बंद. खळ म्हणजे स्टार्च, ती जळते, म्हणजे आग न धरणाऱ्या कापडावर आपणच जळणारा थर दिला. कंफर्टसारखं सॉफ्टनर बंद, तेच कारण. ब्लीच बंद, ते कापडावरची प्रक्रियाच खाऊन टाकतं. आणि साबणाची वडी पण बंद. एमआयडीसीच्या बाजूला बऱ्याच घरांत बोअरचं पाणी आहे, जड, त्यात साबण फुटत नाही, पांढरा चोथा होतो, तो चोथा कापडाच्या धाग्यात अडकून बसतो, आणि तो चोथा पेटतो. साधी डिटर्जंट पावडर वापरा, नळाचं पाणी असेल तर ते, आणि दोन पाण्यानं नाही, पाणी नितळ येईपर्यंत खळबळून काढा. डांगरी उलटी करून, चेन लावून, सावलीत वाळवा. ग्रीस किंवा तेलाचा डाग निघतच नसेल तर ती डांगरी कामावर घालायची नाही, तेल लागलेली डांगरी वातीसारखी पेटते, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असू दे.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ डांगरीवर बसून घरी येते. ती सिलिकाची असते, फुफ्फुसात गेली की कायमची, सिलिकोसिस त्यानंच होतो. डांगरी अंगणात झटकू नका, पोरांच्या कपड्यांत टाकू नका. वेगळ्या बादलीत आधी पाण्यात बुडवा, ओली झाल्यावरच हाताळा. खरं तर ती कंपनीतच धुवून मिळायला पाहिजे, अर्जात तेही एक वाक्य टाका, आणि दाजींना कंपनीतच कपडे बदलून घरी यायला सांगा.

आता पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक गोष्ट दाजींसाठी. यार्डात स्क्रॅप उघड्यावर भिजतं, खळग्यांत पाणी साठतं, आणि तसलं ओलं स्क्रॅप भट्टीत पडलं की पाण्याची वाफ एका क्षणात सतराशे पट फुगते आणि भट्टीतला रस छतापर्यंत उडतो. न तापवलेल्या ओलसर लॅडलमध्ये ओतलं तरी तेच. असा स्फोट झाला तर ई३ काय, कुठलीच डांगरी पुरत नाही. स्क्रॅप कोरडं आहे का, लॅडल तापवलीय का, हे विचारायचा दाजींना पूर्ण हक्क आहे, आणि शंका असेल तर ओतायच्या आधी ते लगेच सुपरवायझरच्या कानावर घालायचा पण.

आणि देव न करो पण कुणी भाजलंच तर, साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, वीस मिनिटं सलग. बूट, घड्याळ, अंगठी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, त्याच्या बाजूनं कात्रीनं कापा. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावायचं नाही, डॉक्टरला ते आधी खरवडून काढावं लागतं आणि माणूस ओरडतो. स्वच्छ कापड सैल टाकून सरळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दवाखान्यात. हे सगळं कंपनीतल्या माणसांना पण माहिती पाहिजे, कारण पहिली वीस मिनिटं तेच जवळ असतात.

कंपनी नवीन डांगरी देईल तेव्हा दाजींनी घालायच्या आधी आतल्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा, अक्षरं नीट वाचता येतील असा, आणि मला पाठवा. दाजी आता घालतात त्या खाकी डांगरीचं लेबल शिल्लक असेल तर त्याचाही पाठवा. दोन्ही वाचून काय आहे काय नाही ते तुम्हाला कळवतो.